हौसेची पारख: कार क्लबमधील स्वयंसेवी वस्तुपरीक्षण संघाची रचना आणि पद्धत

1. विषय आणि मुख्य सिद्धांत

गाडी दारात आली की तिच्यामागून वस्तूंची रांग लागते. मॅट, सीट कव्हर, मोबाइल होल्डर, हवा भरायचा छोटा पंप, डॅशकॅम, शाम्पू, पॉलिश. पुढे वायपर, बॅटरी, टायर. यांतल्या थोड्या वस्तू गाडीच्या कंपनीकडून येतात, बाकीच्या बाहेरच्या बाजारातून. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यात नाना पेठ पालथी घातली, तर एकाच कामाच्या वस्तूचे पाच भाव आणि पाच दावे ऐकू येतात. निवड करताना ग्राहकाला आधार असतो तो दुकानदाराचा, जाहिरातीचा किंवा मित्राचा. पहिल्या दोघांचा विक्रीत हितसंबंध असतो आणि तिसऱ्याचा अनुभव एका गाडीपुरता असतो.

ही उणीव भरून काढण्याची क्षमता गाडीप्रेमींच्या क्लबमध्ये असते. रविवारी सकाळी एकत्र जमणारे, घाटात ड्राइव्हला जाणारे, गाडीचे बोनेट उघडून तासभर बोलू शकणारे हे लोक एरवीही वस्तूंबद्दल मते देतच असतात. प्रश्न आहे तो या मतांना परीक्षणाचे रूप कसे द्यायचे हा. येथे ‘परीक्षण’ हा शब्द एका ठरावीक अर्थाने वापरला आहे: एक नेमका प्रश्न, त्याचे उत्तर शोधण्याची आधी लिहून ठेवलेली रीत आणि एकाहून अधिक नमुन्यांवर मिळालेला निकाल. ‘मी वापरतोय, मस्त आहे, घेऊन टाका’ हा अभिप्राय झाला. अभिप्रायावरून काय तपासावे हे सुचू शकते, पण त्यावर निकाल देता येत नाही.

या विवेचनाचा मुख्य सिद्धांत असा. क्लबकडे प्रयोगशाळा नसते, पण प्रयोगशाळेकडे नसलेली गोष्ट क्लबकडे असते: अनेक गाड्या, अनेक चालक आणि वर्षभराचे हवामान. म्हणून संघाने ज्या प्रश्नांत हे बळ उपयोगी पडते तेवढेच प्रश्न हाती घ्यावेत आणि कामाची रीत वस्तू हातात येण्यापूर्वी ठरवून टाकावी. सभासद, पैसा, नमुना, अहवाल यांविषयीचे पुढचे नियम याच दोन अटींमधून निघतात.

2. पूर्वपरंपरा आणि तिचे धडे

ग्राहकांनी स्वतःच वस्तू तपासण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1936 साली स्थापन झालेली ‘कन्झ्युमर्स युनियन’ जाहिराती घेत नाही आणि तपासायच्या वस्तू व मोटारी सामान्य गिऱ्हाइकासारख्या बाजारातून विकत घेते. महाराष्ट्रातही या विचाराला जुनी मुळे आहेत. 1966 मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी ‘कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारच्या कुटुंबांनी संघ करून वाणसामान एकत्र घ्यायचे आणि वाटायचे, ही तिची पद्धत अनेक मराठी घरांना परिचित आहे. स्वयंसेवकांना हिशेब चोख ठेवून असे काम वर्षानुवर्षे चालवता येते, याचा हा घरचाच पुरावा आहे.

मोटारींच्या क्षेत्रात या परंपरेतल्या दोन प्रसंगांकडे नव्या संघाने बारकाईने पाहावे. 1988 साली कन्झ्युमर्स युनियनने ‘सुझुकी सामुराई’ ही गाडी वळणावर कलंडण्याचा धोका आहे असे सांगून ‘अस्वीकार्य’ ठरवली. सुझुकीने 1996 मध्ये दावा लावला. गाडी ठरलेल्या मार्गावर नीट चालल्यावर ती कलंडावी म्हणून मार्गच बदलला, असा कंपनीचा आरोप होता. संस्थेने तो नाकारला आणि 2004 मध्ये प्रकरण आपसात मिटले. खरे-खोटे काहीही असो, धडा सरळ आहे: चाचणी सुरू झाल्यावर तिच्यात बदल केला की प्रामाणिक निकालावरही संशयाला जागा मिळते.

दुसरा प्रसंग 2007 चा. याच संस्थेने बाळांच्या कार सीटवर कडक अहवाल छापला. बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी ताशी सुमारे 61 किलोमीटर वेगाची समजली गेली होती, पण बाहेरच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्षात ती 110 किलोमीटरहून अधिक वेगाच्या तोडीची झाली होती. सरकारी यंत्रणेने हे दाखवून दिल्यावर साधारण दोन आठवड्यांत संस्थेने अहवाल मागे घेतला. सत्तर वर्षांचा अनुभव, अभियंते आणि पैसा पाठीशी असलेल्या संस्थेकडून अशी चूक होऊ शकते. तेव्हा हौशी संघाने सुरक्षेच्या चाचण्यांना हात घालण्याआधी दहा वेळा विचार करावा.

3. काय तपासावे: वस्तूंचे चार वर्ग

संघाचा पहिला निर्णय ‘काय तपासू नये’ हा असला पाहिजे. त्यासाठी वस्तूंचे चार वर्ग करता येतात.

(अ) वापरातून पारखता येणाऱ्या वस्तू. वायपर, मॅट, सीट कव्हर, होल्डर, शाम्पू, धुण्याचे कापड, छोटा व्हॅक्यूम क्लीनर. यांचे गुणदोष डोळ्याला, हाताला कळतात आणि काळ जाईल तसे उघडे पडतात. नव्या संघाने सुरुवात येथूनच करावी.

(आ) साध्या मोजमापाने पारखता येणाऱ्या वस्तू. हवेचा पंप, प्रेशर गेज, बॅटरी, डॅशकॅम. पंपाने एकाच मापाचा टायर 25 पासून 33 पीएसआयपर्यंत न्यायला किती वेळ लागला, चार टायर ओळीने भरताना तो किती तापला, त्याच्या काट्यात आणि कॅलिब्रेट केलेल्या गेजमध्ये किती फरक पडला, एवढे मोजले तरी पुरेसा निवाडा होतो. डॅशकॅमच्या बाबतीत रात्री समोरच्या गाडीचा नंबर किती अंतरावरून वाचता येतो आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत तो बंद पडतो का, हे दोन प्रश्न चित्राच्या मेगापिक्सेलहून महत्त्वाचे. येथे विदर्भातले सभासद सोन्यासारखे उपयोगी पडतात, कारण चंद्रपूरच्या उन्हाची परीक्षा मुंबईत घेता येत नाही.

(इ) प्रयोगशाळेखेरीज न पारखता येणाऱ्या वस्तू. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, ओल्या रस्त्यावरची टायरची पकड, लहान मुलांच्या सीट. हे काम 1966 पासून पुण्यात असलेल्या एआरएआयसारख्या संस्थांचे. संपूर्ण गाडीच्या धडक चाचणीसाठी 1 ऑक्टोबर 2023 पासून ‘भारत एनकॅप’ आहे. या वर्गात संघाने दोनच गोष्टी कराव्यात: वस्तूवर आवश्यक मानकाची खूण आहे की नाही ते पाहावे आणि सभासदांच्या दीर्घ वापराच्या नोंदी ‘नोंदी’ म्हणूनच छापाव्यात, गुण देऊ नयेत. ‘ब्रेक आता छान लागतात’ या वाक्यावर दुसऱ्या कोणाचा जीव अवलंबून असू शकतो.

(ई) मुळात न तपासण्याजोग्या वस्तू. सीट बेल्ट न लावता अलार्म गप्प करणारी क्लिप हे ठळक उदाहरण. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकण्यास मनाई केली आणि 13 हजारांहून अधिक नोंदी काढल्या गेल्या. पुढच्या बंपरवरचे लोखंडी बुल बार याच वर्गातले. त्यांच्याविरुद्ध कारवाईच्या सूचना परिवहन मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरमध्ये दिल्या. एच-4 हेडलाइटच्या 60/55 वॅटच्या जागी 100/90 वॅटचा बल्ब घालणे हेही तसेच: समोरच्याचे डोळे दिपतात, शिवाय कनेक्टर वितळतो. अशा वस्तूला ‘दर्जा बरा आहे’ म्हणणे ही तिची जाहिरातच ठरते.

4. संघाची रचना

सात ते नऊ माणसांचा संघ पुरतो. माणसे निवडताना गाडीचे सर्वांत जास्त ज्ञान असलेला किंवा सर्वांत जास्त बोलणारा सभासद आपोआप पुढे येतो. परीक्षणाला मात्र वेगळा स्वभाव लागतो: महिनोन्‌महिने कंटाळा न करता नोंद ठेवणारा, आणि आपल्या अंदाजाविरुद्ध आकडा आला तरी तो तसाच लिहिणारा. हिशेबनीस, शाळाशिक्षक, कारखान्यात क्वालिटी विभागात काम केलेला निवृत्त माणूस ही मंडळी येथे पट्टीच्या ड्रायव्हरपेक्षा उपयोगी ठरतात.

कामे चार: खरेदी, चाचणीचे वाटप आणि मोजणी, गुणांकन, लेखन. यांतली खरेदी आणि गुणांकन ही दोन कामे एकाच माणसाकडे कधीही असू नयेत. ज्याने तीन हजार मोजून वस्तू आणली, त्याला ती चांगली निघावी असे मनातून वाटणारच. जमाखर्च पाहणारा खजिनदार संघाबाहेरचा, क्लबच्या कार्यकारिणीतला असावा.

हितसंबंधांचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष टोकदार आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथल्या क्लबांत निम्मे सभासद मोटार उद्योगातच नोकरी करणारे असू शकतात. त्यांना वगळले तर सर्वांत जाणकार माणसे जातात; बेधडक घेतले तर निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही. मधला मार्ग असा: प्रत्येक सदस्याने दरवर्षी नोकरी, दुकान, डीलरशिप, नातेवाइकांचा व्यवसाय यांची लेखी माहिती द्यावी, उद्योगातल्या माणसाने चाचणीची रीत ठरवायला मदत करावी, पण आपल्या कंपनीच्या किंवा तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या वस्तूला गुण देऊ नयेत. त्याच्या नोकरीच्या करारात अशा कामाला मनाई आहे का, हे त्याने स्वतः आधी पाहून घ्यावे. ॲक्सेसरीजचे दुकान चालवणाऱ्या सभासदाला संघात घेऊच नये. त्याची नियत साफ असली तरी संघाची प्रत्येक शिफारस त्याच्या गल्ल्याशी जोडली जाईल.

5. नमुना आणि पैसा

कंपनीने पाठवलेला नमुना हा निवडलेला नमुना असतो. शिवाय फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कठोर बोलायला जीभ वळत नाही. खाल्ल्या मिठाला जागायचे हा आपला संस्कारच आहे. म्हणून पहिला नियम: नमुना विकत घ्यायचा, तोही संघाचे नाव न सांगता.

दुसरा नियम: एका ब्रँडचे सगळे नग एकाच दुकानातून घ्यायचे नाहीत. किमान तीन दुकाने आणि शक्य तर दोन शहरे असावीत. सुट्या भागांच्या बाजारात नकली मालाचा सुळसुळाट असतो आणि एका दुकानातला सगळा साठा नकली निघाला, तर आपण कंपनीची नव्हे, त्या नकलाकाराची परीक्षा घेतलेली असते. खोके उघडण्यापूर्वी किंमत, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना यांचा फोटो काढावा, पक्के बिल ठेवावे आणि प्रत्येक ब्रँडचा एक नग सीलबंद राखून ठेवावा. पुढे कंपनीने हरकत घेतली, तर हाच राखीव नग पुरावा ठरतो.

पैशाचे गणित वाटते तितके अवघड नाही. समजा वायपरच्या चार ब्रँडची परीक्षा घ्यायची आहे आणि प्रत्येकाला सहा गाड्या द्यायच्या आहेत. 24 जोड्या आणि राखीव चार, अशा 28 जोड्या झाल्या. जोडीला सरासरी 600 रुपये धरले तर 16,800 रुपये. दोनशे सभासदांच्या क्लबने माणशी शंभर रुपये काढले तर 20,000 जमतात आणि उरलेल्या 3,200 मध्ये एक चांगले प्रेशर गेज घेऊन ते कॅलिब्रेट करून आणता येते. चाचणीनंतर वस्तू त्या त्या सभासदाकडेच राहू द्यावी, हाच त्याचा मोबदला. कोणाला कोणता ब्रँड मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरत असल्याने या मोबदल्यामुळे निकाल झुकत नाही.

6. पद्धत: दोन उदाहरणे

पद्धतीचा अर्थ प्रत्यक्ष उदाहरणातून अधिक स्पष्ट होतो.

पहिले उदाहरण वायपरचे. प्रश्न असा ठरवला: ‘एका पावसाळ्यात चालकाच्या नजरेसमोरची काच कोणता वायपर जास्त काळ स्वच्छ पुसतो?’ किंमत, दिसणे, आवाज हे वेगळे प्रश्न. ते येथे मिसळायचे नाहीत. रबराचा मोठा शत्रू ऊन, म्हणून उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या आणि इमारतीखालच्या पार्किंगमधल्या गाड्या असे दोन गट करावेत. प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून ब्रँड वाटावेत, म्हणजे प्रत्येक ब्रँडला उन्हातल्या तीन आणि सावलीतल्या तीन गाड्या मिळतील. पात्यावरचे नाव काळ्या चिकटपट्टीने झाकावे. सगळ्या काचा एकाच शाम्पूने धुवाव्यात, कारण काचेवर तेलकट थर असेल तर सगळ्यात महागडा वायपरही रेघा ओढतो.

मोजणी तीनदा: जूनच्या सुरुवातीला, जुलैच्या मध्यात आणि सप्टेंबरअखेर. काचेवर ठरलेल्या मगाने पाणी ओतायचे, दहा फेऱ्या फिरवायच्या आणि चालकाच्या जागेवरून फोटो काढायचा. गुणांची पट्टी आधीच लिहिलेली असावी. रेघ नाही, 0. नजरेबाहेर रेघ, 1. नजरेसमोर रेघ पण पुढच्या फेरीत जाते, 2. रेघ टिकते, 3. पट्टा पुसलाच जात नाही, 4. फोटोंना फक्त क्रमांक द्यावेत आणि ब्रँड माहीत नसलेल्या दोन सदस्यांनी वेगवेगळे बसून गुण द्यावेत. दोघांत एकाहून अधिक गुणांचा फरक पडला, तर तिसऱ्याने निवाडा करावा. असे फरक वारंवार पडू लागले, तर दोष परीक्षकांचा नसून पट्टीचा आहे असे समजून ती पुढच्या चाचणीसाठी सुधारावी. चालू चाचणीत मात्र तिला हात लावू नये.

यात एक बारकावा हमखास निसटतो. ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात वायपर दगा देऊ लागला, तर सभासद सरळ गॅरेजमध्ये जाऊन तो बदलतो आणि नोंदवहीतून त्याचे नाव गळते. सप्टेंबरची सरासरी मग टिकलेल्या वायपरचीच निघते आणि वाईट ब्रँड चांगला दिसतो. म्हणून मध्येच काढलेली वस्तू ‘गैरहजर’ न मानता ‘नापास’ मानावी आणि काढण्याचे कारण व तारीख लिहावी.

दुसरे उदाहरण इंधनात घालायच्या ॲडिटिव्हचे. दावा असतो: ‘ॲव्हरेज पाच टक्क्यांनी वाढते.’ टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल करण्याची रूढ रीत येथे कितपत चालते ते पाहू. 480 किलोमीटरला 30 लिटर लागले, म्हणजे ॲव्हरेज 16. पण पंपावरचे नोझल कधी लवकर कट होते, कधी उशिरा. गाडी उतारावर उभी असली तर आणखी फरक. एक लिटर कमी भरले गेले तर ॲव्हरेज 16.55 दिसते, एक लिटर जास्त गेले तर 15.48. म्हणजे काही न बदलताही किलोमीटरभराचा फरक. पाच टक्के म्हणजे 0.8 किलोमीटर, तो या गोंधळात सहज लपतो.

उपाय असा की प्रत्येक टाकीचा हिशेब न काढता सलग पाच टाक्यांचा एकत्र काढावा. मधल्या भरण्यातल्या चुका एकमेकींत जिरतात आणि फक्त पहिल्या व शेवटच्या भरण्यातली चूक उरते. 2,400 किलोमीटर आणि 150 लिटर धरले, तर एका लिटरच्या चुकीने ॲव्हरेज 15.89 ते 16.11 एवढेच हलते. आता पाच टक्क्यांचा फरक खरोखर असेल तर दिसेल.

तरीही एक अडचण उरते. आपण ‘मायलेजची चाचणी’ करतो आहोत हे कळल्यावर चालकाचा पाय आपोआप हलका होतो. म्हणून निम्म्या गाड्यांना तशाच रंगाच्या बाटलीत साधे पेट्रोल द्यावे आणि कोणाला काय दिले ते फक्त वाटप करणाऱ्याला माहीत असावे. एसीचा वापर, पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण, घाटातला प्रवास हे सगळे दोन्ही गटांना सारखेच लागू होते, त्यामुळे तुलना टिकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांतल्या एकानेही लक्षणीय बचत करून दाखवली नाही. या पार्श्वभूमीवर दावा सिद्ध करण्याचे ओझे विकणाऱ्यावर आहे, हे संघाने विसरू नये.

7. चुकांचे स्रोत

वरच्या उदाहरणांतून चुकांचे पाच स्रोत वेगळे काढता येतात. पहिला निवडीचा: स्वतःहून पुढे येणारे सभासद गाडीची जास्त काळजी घेणारे असतात, त्यामुळे वस्तू त्यांच्याकडे सरासरीपेक्षा जास्त टिकते. हे टाळता येत नाही, अहवालात नमूद करता येते. दुसरा किमतीचा: महाग वस्तू घेणारा तिची बाजू घेतो. तिसरा साधनाचा: दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज असतो, म्हणून सगळी मापे एकाच कॅलिब्रेट केलेल्या गेजने घ्यावीत आणि तीही टायर थंड असताना; तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. चौथा संख्येचा: सहा नगांवरून त्या ब्रँडच्या लाखो नगांबद्दल ठाम विधान करता येत नाही. सहापैकी सहा नापास झाले तर संशय पक्का. सहापैकी एक नापास झाला तर तो योगायोगही असू शकतो. पाचवा काळाचा: निकाल येईपर्यंत कंपनीने वस्तूत बदल केलेला असतो. बॅच क्रमांक छापण्याचे कारण हेच.

8. अहवालाची भाषा

अहवालात चार भाग सुटे असावेत: काय केले, काय दिसले, त्यावरून काय वाटते आणि काय सांगता येत नाही. ‘सप्टेंबरअखेर सहापैकी चार गाड्यांत रेघ टिकली’ हे निरीक्षण. ‘हा वायपर एका पावसाळ्यापुरताच घ्यावा’ हे मत. दोन्हींना जागा आहे, पण एका वाक्यात नाही.

भाषा किती महत्त्वाची, हे 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या खटल्यावरून कळते. 1970 मध्ये कन्झ्युमर्स युनियनने ‘बोस’च्या एका स्पीकरबद्दल लिहिले की त्यातून येणारा वाद्यांचा आवाज खोलीभर भटकल्यासारखा वाटतो. कंपनीचे म्हणणे, आवाज फक्त दोन स्पीकरमधल्या भिंतीलगत सरकतो. एवढ्या फरकावर वाद चौदा वर्षे चालला. निकाल संस्थेच्या बाजूने लागला, पण क्लबच्या संघाला चौदा वर्षांची कोर्टबाजी परवडणारी नाही. विशेषण घालण्याआधी ‘हे मी मोजले का?’ असा प्रश्न विचारण्याची सवय त्यावरचा स्वस्त विमा आहे.

एकूण गुणांची बेरीज करून ‘पहिला, दुसरा, तिसरा’ असे क्रमांक देण्याचा मोह टाळावा. कोकणातल्या सभासदाला खाऱ्या हवेत गंज न धरणारी वस्तू हवी असते, तर नागपूरच्या सभासदाला उन्हात न वितळणारी. दोघांसाठी एकच विजेता जाहीर केला की निदान एकाची फसगत होते. गुण निकषवार द्यावेत आणि निवड वाचणाऱ्यावर सोडावी. अहवाल छापण्यापूर्वी मोजमापांचा भाग कंपनीला पाठवून ठरावीक मुदतीत उत्तर मागावे. उत्तर आले तर तेही छापावे, मात्र मत बदलायचे ते नव्या पुराव्यावरच.

9. कायद्याची चौकट

सुरुवातीला संघाची वेगळी नोंदणी करण्याची गरज नसते. क्लबची उपसमिती म्हणून काम चालते. मात्र तीन गोष्टींचे भान हवे.

पहिली, जाहिरातीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये 9 जून 2022 रोजी फसव्या जाहिराती आणि शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्यांनुसार शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असा काही संबंध असेल की ज्यामुळे शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होईल, तर तो उघड करावा लागतो. संघाने फुकट नमुने न घेण्याचा नियम केला तरी क्लबच्या ड्राइव्हला टी-शर्ट किंवा चहापाण्याचे प्रायोजकत्व कोणी दिले असेल, तर ते अहवालात यायला हवे. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी, कराविषयी. 2022 मध्ये आयकर कायद्यात आलेल्या 194-आर कलमाबाबत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले की प्रसिद्धीसाठी दिलेली वस्तू घेणाऱ्याने ठेवली तर तो लाभ धरला जाईल, वापरून परत केली तर धरला जाणार नाही. महागड्या वस्तूला अपवाद करून कंपनीचा नग घेण्याची वेळ आलीच, तर तो पावतीसह परत करावा. त्यात नैतिक शिस्त आहे आणि हिशेबाचीही सोय आहे.

तिसरी, बदनामीविषयी. भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात सार्वजनिक हितासाठी केलेल्या सत्य विधानाला अपवाद आहे. पण सत्य सिद्ध करायला कागद लागतात. बिले, फोटो, मूळ नोंदवह्या आणि राखीव नमुने निदान तीन वर्षे जपावेत.

यांच्या जोडीला एक व्यावहारिक मुद्दा. डॅशकॅमसाठी वायरिंग कापले, तर गाडीच्या वॉरंटीवर वाद होऊ शकतो. म्हणून मूळ वायरिंगला धक्का न लावणाऱ्या जोडणीवरच चाचणी करावी आणि सभासदाची लेखी संमती घ्यावी.

10. पहिले वर्ष आणि संघाची स्वतःची परीक्षा

पहिल्या वर्षी दोनच परीक्षणे करावीत: एक (अ) वर्गातले, पावसाळ्याला जोडलेले, आणि एक (आ) वर्गातले, उन्हाळ्याला जोडलेले. वायपरसाठी रीत मार्चमध्ये लिहून क्लबच्या सभेत मांडावी, एप्रिलमध्ये खरेदी, मेमध्ये चिठ्ठ्या, जूनला पहिली मोजणी. पाऊस सुरू झाल्यावर रीत लिहायला बसणे म्हणजे वरातीमागून घोडे. ऑक्टोबरात गुणांकन करून अहवाल दिवाळीनंतर द्यावा. दिवाळीच्या खरेदीत शिफारस मिळावी म्हणून घाई करू नये, कारण पुढचा पावसाळा अजून सात महिने लांब असतो.

वर्षअखेरीस संघाचीही परीक्षा घ्यावी. तिला पाच प्रश्न पुरतात. अहवाल वाचून दुसऱ्या गावचा क्लब तीच चाचणी पुन्हा करू शकेल का? चाचणी सुरू झाल्यावर रीत किती वेळा बदलली? नापास वस्तूंचे निकाल पास झालेल्यांइतक्याच जागेत छापले का? सदस्यांच्या हितसंबंधांची यादी कोणालाही पाहता येते का? एखादा निकाल चुकला असेल, तर तो मूळ निकालाइतक्याच ठळकपणे मागे घेतला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर संघाने जे केले ते परीक्षण नव्हते, आणि पुढच्या वर्षाची वर्गणी मागण्यापूर्वी रीत नव्याने लिहायला घ्यावी. पाचही उत्तरे समाधानकारक असतील, तर दुसऱ्या वर्षी कोकण, विदर्भ किंवा गोव्यातल्या एखाद्या क्लबला सोबत घ्यावे. तीच लिखित रीत तिथे वेगळ्या हवेत, वेगळ्या गाड्यांवर पुन्हा चालवली की सहा गाड्यांच्या निकालाला बारा गाड्यांचे वजन येते आणि पहिल्या निकालातला योगायोग किती, हेही समजते.